साळिंदराची चार मिनिटं

एका जंगलात एक साळिंदर राहत होतं आणि त्याला एक साडू होता.

बाळांनो, साडू म्हणजे काय ते तुम्हाला आत्ता कळायचं नाही. बायकोच्या बहिणीचा नवरा, एवढं पाठ करून ठेवा. बाकीचं लग्न झाल्यावर आपोआप कळतं. आता मांडी घालून बसा. ज्याला शू लागली असेल त्याने आत्ताच जाऊन यावं, मी मध्ये थांबणार नाही.

तर साळिंदराचं नाव मुकुंदराव. बायको सगुणाबाई. सगुणाबाईंची धाकटी बहीण रंजना, आणि रंजनाचे यजमान चिंतामणराव. तेही साळिंदरच. दोन्ही घरं एकाच टेकडीच्या दोन अंगांना होती. जाणंयेणं होतं, वाटीची देवाणघेवाण होती. सगळं कसं गोडीगुलाबीचं होतं, शर्यत येईपर्यंत.

या जंगलात पूर्वी सगळे पोटासाठी पळायचे. मग कुठूनसं ट्रायथलॉनचं खूळ आलं आणि सगळे पोट कमी करण्यासाठी पळू लागले. आधी डोह पोहून पार करायचा. मग सायकलवरून टेकडीला पाच फेऱ्या. मग करवंदीच्या जाळीतून पळत जुन्या वडापर्यंत. वडावर एक कोतवाल पक्षी बसायचा आणि कोण किती वेळात आलं ते ओरडून सांगायचा. त्याला हळू बोलता येत नसे.

मागच्या वर्षी कोतवाल ओरडला होता, "मुकुंदराव, चिंतामणरावांच्या मागे चार मिनिटं!"

चार मिनिटं म्हणजे काय मोठंसं? पण ती साडूच्या हाती लागली. त्यानंतरच्या पहिल्या बारशाला चिंतामणराव पाहुण्यांना म्हणाले, मी येऊन तोंड पुसलं आणि हे आले. पावसाळ्यात एक डोहाळजेवण झालं, तिथे ते म्हणाले, मी येऊन अंघोळ केली आणि हे आले. दिवाळीपर्यंत त्या चार मिनिटांत चिंतामणरावांची अंघोळ झाली, दोन कंद खाऊन झाले आणि वडाखाली एक डुलकीही झाली. वर प्रत्येक वेळी मुकुंदरावांच्या पाठीवर थाप मारून म्हणायचे, "पण जिद्द आहे हं यांच्यात."

ती थाप मुकुंदरावांना फार लागायची. साळिंदराच्या पाठीवर थाप मारणं सोपं नसतं, काट्यांची दिशा बघून मारावी लागते. चिंतामणराव ती बरोबर दिशा बघून मारायचे.

मुकुंदरावांचं जेवणावरचं मन उडालं. यंदा साडूच्या पुढे गेलो नाही तर पुढच्या बारशाला जाणार नाही, असं त्यांनी सगुणाबाईंना सांगून टाकलं.

सगुणाबाई साध्या. त्या म्हणाल्या, पोहण्यात तुम्ही बरोबरीने आलात, पळण्यात बरोबरीने आलात. मागे पडलात ते सायकलवर. चिंतामणराव रोज सकाळी टोपली लावून टेकडीपलीकडे कंद आणायला सायकलने जातात. तुम्हीही रोज दोन तास चालवा की.

"सगुणे," मुकुंदराव म्हणाले, "तुला वाऱ्याचं शास्त्र कळत नाही."

वाऱ्याचं शास्त्र मुकुंदरावांना उंबराखाली कळलं होतं. रोज सकाळी उंबराखाली सायकलवाल्यांचा कट्टा भरायचा. सायकल झाडाला टेकवायची आणि सायकलविषयी बोलायचं. बगळा म्हणायचा, सगळा खेळ हेल्मेटचा आहे, हेल्मेट निमुळतं पाहिजे. त्याच्याकडे निमुळतं हेल्मेट होतं. माकड म्हणायचं, हेल्मेट काय कुणीही घालतं, चाकं बदला, रुंद पट्टीची घ्या. माकडाने नुकतीच तशी चाकं घेतली होती. खार म्हणायची, आधी साखळीला मेण लावा, मग बोला. सगळ्यांचंच मुकुंदरावांना पटायचं. ते घरी येऊन काडीने मातीत गणितं मांडायचे. चाकं आधी की हेल्मेट आधी? की पुढे कोपरं टेकून वाकायचा तो दांडा आधी? दांड्याने पाठ आडवी होते, मग हेल्मेटचा कोन बदलतो, मग चाकांचं काय? सगुणाबाई झाडलोट करताना ते गणित पुसून टाकायच्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून.

असे दोन महिने गेले. त्या दोन महिन्यांत सायकल उंबरापर्यंत जायची आणि परत यायची. शेवटी माकडच कंटाळून म्हणालं, एकदा ठिपकेशेठना विचारून मोकळे व्हा.

आता ठिपकेशेठ कोण ते ऐका. टेकडीच्या पायथ्याला त्यांचं सायकलचं दुकान होतं. ठिपकेशेठ म्हणजे बिबट्या. दचकू नका. पूर्वी ते बिबट्याचाच धंदा करायचे. पण उमेदीच्या काळात एकदा त्यांनी एका साळिंदरावर पंजा टाकला. एक काटा पुढच्या उजव्या पंजात शिरला आणि आत मोडला. तेव्हापासून पाय दुखायचा, हरणं हाताला लागत नसत, आणि उपाशी राहण्यापेक्षा दुकान बरं म्हणून शेठ दुकानात बसले. साळिंदराकडे त्यांनी पुन्हा कधी वाकड्या नजरेने पाहिलं नाही. म्हणजे पाहिलं, पण लांबून.

दुकानावर पाटी होती, 'गिऱ्हाईक हेच आमचं दैवत'. मुकुंदरावांनी ती सगुणाबाईंना वाचून दाखवली. देवाला कुणी खातं का, असं विचारलं.

"देवाला खात नाहीत," सगुणाबाई म्हणाल्या. "नैवेद्य खातात."

पण मुकुंदराव गेले.

जाण्याआधी साळिंदरांची एक रीत सांगून ठेवतो, पुढे लागेल. आपल्यात पाठ दाखवतो तो भित्रा. साळिंदरांत पाठ दाखवतो तो शूर. संकट आलं की तोंड फिरवायचं, पाठ संकटाकडे करायची, काटे फुलवायचे, शेपटीतले पोकळ काटे खुळखुळवायचे आणि तसंच मागे मागे सरकायचं. पिल्लू डोळे उघडतं तेव्हा आई त्याला आधी हे शिकवते, मग खायला शिकवते. समजलं? बरं.

शेठनी मुकुंदरावांचं आगतस्वागत केलं. त्यांची सगळी गणितं शांतपणे ऐकून घेतली. बगळ्याचं बरोबर आहे म्हणाले, माकडाचंही बरोबर आहे म्हणाले. मग मुकुंदरावांना सायकलसकट खिंडीच्या तोंडाशी नेलं, जिथे वारा भरून येतो. तिथे त्यांना सायकलवर बसवलं आणि एका काडीला वाळलेलं पान बांधून ते त्यांच्या अंगावरून सावकाश फिरवलं. हँडलपाशी पान थोडं हललं. डोक्यापाशी थोडं जास्त हललं. पाठीपाशी आलं तसं ते फडफडून फाटलं.

शेठनी फाटलेलं पान उलटसुलट करून बघितलं. डॉक्टर रिपोर्ट बघतात तसं.

"काटे," शेवटी ते म्हणाले.

मुकुंदराव ओशाळले. काटे जन्माचेच आहेत, असं काहीतरी पुटपुटले.

शेठ म्हणाले, लाजू नका, मोठमोठे सायकलपटू शर्यतीआधी पायांवरचे केससुद्धा काढतात, तेवढाच वारा कमी अडतो. काटे काय, परत येतील. आणि तुमच्यासाठी एक सोय करतो. दुसऱ्या कुणाकडून मी मध घेतो, मोहाची फुलं घेतो. तुमच्याकडून काही नको. सामान न्या आणि त्याच्या बदल्यात काटे द्या. मला चाकांना आरे करायला लागतातच. तुमच्या अंगावर आहेत तोवर ते वारा अडवतात, चाकात बसवले की वारा कापतात. म्हणजे तुमचा दोन्हीकडून फायदा.

असा दुहेरी फायदा कुणी सांगायला लागला की बाळांनो, आपण घरी जावं. मुकुंदराव तिथेच बसले. हौसेला मोल नसतं म्हणतात, इथे तर मोलही अंगावरच उगवलेलं होतं.

पहिल्यांदा त्यांनी कोपरं टेकायचा दांडा घेतला. त्याने दीड मिनिट वाचेल, असं शेठनी सांगितलं. दोन्ही कुशींचे काटे गेले. काटा काढण्यात शेठचा हात मोठा हलका होता, मुकुंदरावांना कळलंसुद्धा नाही. घरी आल्यावर सगुणाबाईंनी विचारलं, कुशीला काय झालं? मुकुंदराव म्हणाले, दीड मिनिट झालं.

मग हेल्मेट घेतलं. त्याचं एक मिनिट. खांद्यांचे काटे गेले.

मग मेणाची साखळी, अर्धं मिनिट. मानेवरची आयाळ गेली.

मग रुंद पट्टीची चाकं, त्यांचं एक मिनिट. ती सगळ्यात महाग. त्यांना अख्खी पाठ लागली. ती चाकं घेऊन मुकुंदराव घरी आले तेव्हा सगुणाबाई आरे निरखून बघत राहिल्या. काळ्यापांढऱ्या पट्ट्यांचे ते लांबसडक आरे त्यांनी ओळखले. लग्नात त्याच काट्यांना त्यांनी तेल लावलं होतं.

त्या दिवशी त्या पहिल्यांदा चिडल्या. "अहो, काटे गेले की साळिंदर आणि घूस यांत फरक काय राहतो? सांगा मला."

मुकुंदराव म्हणाले, चार मिनिटांचा.

पण दुसऱ्याच दिवशी डोहाच्या वाटेवर एक घूस आडवी आली आणि फार आपुलकीने म्हणाली, "दादा, कुठल्या बिळातले?" मुकुंदरावांनी हेल्मेट खाली ओढलं आणि पुढे निघाले. घरी त्यांनी हे सांगितलं नाही.

दीड आणि एक अडीच, अर्धं मिळून तीन, आणि एक चार. चार मिनिटं जमली. मुकुंदरावांना वाटलं, झालं. शर्यतीच्या आदल्या दिवशी ते शेठचे आभार मानायला गेले, तर शेठ गंभीर झाले.

शेठ म्हणाले, चार मिनिटं म्हणजे साडूची बरोबरी. बरोबर आलात तर ते काय म्हणतील? एवढं सगळं करून कसेबसे बरोबर आले. पुढे जायचं तर आणखी एक सेकंद पाहिजे.

बारसं त्यांच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. ते म्हणाले, आता माझ्याकडे द्यायला काही नाही.

"शेपूट आहे की," शेठ म्हणाले. "खुळखुळते. जिथे आवाज होतो तिथे वारा अडतो."

मुकुंदरावांनी मागे वळून शेपटीकडे पाहिलं. शेपटीचे ते पोकळ काटे त्यांच्या आईने मोजले होते, पिल्लू असताना. त्यांचा आवाज ऐकून सगुणाबाई लांबूनच ओळखायच्या की हे आले.

त्यांनी विचारलं, याच्या बदल्यात काय मिळेल?

शेठ म्हणाले, सेकंद मिळेल.

मुकुंदरावांनी शेपूट पुढे केली.

शर्यतीचा दिवस उजाडला. डोहाकाठी सगळं जंगल जमलं. मुकुंदराव निमुळतं हेल्मेट आणि गुळगुळीत पाठ घेऊन आले तेव्हा बगळ्याने मान हलवून दाद दिली. चिंतामणराव आपली जुनी सायकल घेऊन आले होते. आज मागची टोपली तेवढी काढली होती. त्यांनी साडूच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, दिशा शोधली, आणि दिशाच नाही म्हटल्यावर हात तसाच खाली घेतला. मुकुंदरावांना तेवढ्यानेच फार बरं वाटलं.

कोतवाल ओरडला आणि सगळ्यांनी पाण्यात उड्या घेतल्या. सगळे वर आले. मुकुंदराव आले नाहीत.

आता बघा, साळिंदराचे काटे आतून पोकळ असतात. त्यात हवा असते. त्या हवेवर साळिंदर पाण्यात तरंगतं. मुकुंदरावांना इतकी वर्षं वाटत होतं की आपण चांगले पोहतो. चांगले पोहत होते ते काटे. ते काटे आता चाकांत होते आणि चाकं काठावर होती. मुकुंदराव तळाशी गेले, वर आले, पुन्हा गेले. दोनदा त्यांना वाटलं की आता संपलं. शेवटी तळच्या चिखलातून चालत आणि अधूनमधून श्वासाला वर येत ते पलीकडे निघाले, तेव्हा त्यांच्या हेल्मेटात एक मासा होता.

कोतवाल ओरडला, "मुकुंदराव, चिंतामणरावांच्या मागे चार मिनिटं! सवाचार!"

बाकी शेठ खोटं बोलले नव्हते, हे मी कबूल करतो. सायकल खरंच छान चालली. साखळी वाजत नव्हती. चाकं वारा कापत होती. मुकुंदराव दांड्यावर कोपरं टेकून असे वाकले की वाऱ्याला त्यांचा पत्ता लागेना. पाच फेऱ्यांत ते चिंतामणरावांपेक्षा रेसभरही हळू गेले नाहीत. मागच्या वर्षी सायकलवर गेलेली चार मिनिटं त्यांनी यंदा सायकलवर जाऊ दिली नाहीत. ती पाण्यात गेली होती. पी हळद अन् हो गोरी, असं कधी होत नाही. इथे हळद पिऊन झाली होती आणि रंग तोच होता.

सायकल झाडाला लावून मुकुंदराव पळायला लागले तेव्हा पुढे वाट रिकामी होती. चिंतामणराव दिसेनासे झाले होते. मागेही कुणी नव्हतं, तेच शेवटचे. मुकुंदरावांना रडू आलं. पळता पळता ते रडले. मला सांगायला वाईट वाटतं, पण ते अगदी लहान पोरासारखे हुंदके देऊन रडले.

करवंदीच्या जाळीत वाट वळते. तिथे पाण्याची सोय होती. दगडावर द्रोण मांडले होते आणि शेजारी फलक होता, 'ठिपके सायकल मार्टतर्फे स्पर्धकांस थंड पाणी'. द्रोणांमागे स्वतः शेठ उभे होते.

"या मुकुंदराव," शेठ म्हणाले. "तुमचीच वाट बघत होतो."

मुकुंदरावांनी पाणी घेतलं. शेठ त्यांच्याभोवती एक फेरी मारून आले. मग दुखरा पंजा उचलून त्यांनी मुकुंदरावांच्या पाठीवरून फिरवला, मानेपासून शेपटीपर्यंत, हळूच. कुठे काही टोचलं नाही.

"सुरेख झालंय," शेठ म्हणाले, आणि त्यांच्या तोंडाला पाणी सुटलेलं मुकुंदरावांना दिसलं.

मुकुंदरावांच्या हातातला द्रोण गळून पडला. ते म्हणाले, "शेठ, मी तुमचं गिऱ्हाईक आहे."

"होतात," शेठ म्हणाले. "ज्याच्याकडे द्यायला काही उरलंय तो गिऱ्हाईक. तुमच्याकडे आता तुम्हीच उरलात."

आणि बाळांनो, मुकुंदरावांनी काय केलं असेल? पळाले? नाही. पळणं त्यांना सुचलंच नाही. आईने शिकवलं होतं तेच त्यांनी केलं. तोंड फिरवलं, शेठकडे पाठ केली, सगळं बळ एकवटून काटे फुलवले आणि शेपूट खुळखुळवली.

पाठीवर दोनचार केस उभे राहिले. शेपटीचा आवाज आला नाही. ते तसेच, ठरल्याप्रमाणे, मागे मागे सरकायला लागले, थेट बिबट्याच्या तोंडाकडे.

शेठना हसू आवरेना. गडी तसा खवय्या, पण विनोदाची आवड होती. ते पोट धरून खाली बसले. तेवढ्या हसण्यात मुकुंदरावांना आपली पाठ कशी दिसत असेल ते कळलं, आणि मग ते पळाले.

काय पळाले! काटे नाहीत, वजन नाही, वारा अडत नाही, मागे बिबट्या. बिबट्याचा एक पाय अधू होता म्हणून, नाहीतर ही गोष्ट इथेच संपली असती. जाळी मागे पडली. पुढचं माकड मागे पडलं, बगळा मागे पडला. शेठ मागेच होते. पण लोक दिसायला लागले तसा शेठचा आवाज बदलला. दुकान चालवणाऱ्याला लोकांचं भान ठेवावं लागतं. ते पळता पळता ओरडायला लागले, "शाबास मुकुंदराव! सोडू नका! मी आहे मागे!"

वडाच्या अलीकडच्या उतारावर चिंतामणराव रमतगमत पळत होते. त्यांच्या शेजारून काहीतरी गुळगुळीत आणि फिकं सुसाट गेलं. त्यामागून दुकानदार गेला, गिऱ्हाइकाला प्रोत्साहन देत. चिंतामणराव बघतच राहिले. बघता बघता उभेच राहिले.

वडाखाली सगुणाबाई पंचा आणि उकडलेला कंद घेऊन थांबल्या होत्या. त्यांनी आधी नवऱ्याचे डोळे पाहिले. मग मागचे शेठ पाहिले. पंचा टाकला, नवऱ्याला पुढे जाऊ दिलं, तोंड फिरवलं आणि काटे फुलवले. त्यांची शेपूट अशी वाजली की वडावरचे पोपट उडाले. शेठना थांबता आलं नाही. दोन काटे त्यांच्या नाकात गेले.

शेठ क्षणभर आंधळे झाले. मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळं जंगल बघत होतं. शेठनी नाकातल्या काट्यांसकट टाळ्या वाजवायला सुरुवात केली.

मग काय, सगळ्यांनीच टाळ्या वाजवल्या. सामान विकून मोकळा होणारा दुकानदार सगळ्यांनी पाहिला होता. गिऱ्हाइकामागे शेवटपर्यंत पळणारा कुणी पाहिला नव्हता. बगळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

मुकुंदराव सगुणाबाईंच्या पायाशी पडले होते. सगळं अंग लटपटत होतं. आता घरी चल, एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. तेवढ्यात चिंतामणराव येऊन पोचले आणि वरून कोतवाल ओरडला की पळण्याचा विक्रम मोडला आहे, आणि मुकुंदराव चिंतामणरावांच्या पुढे चार मिनिटं.

मुकुंदरावांचं लटपटणं थांबलं. ते उठून बसले.

"परत सांग," ते कोतवालाला म्हणाले.

सत्कार झाला. नारळ दिला. शाल शेठनी स्वतः त्यांच्या अंगावर घातली, आणि उघड्या पाठीला ती मुकुंदरावांना बरी वाटली.

दुसऱ्या दिवशी सगुणाबाई तडक बहिणीकडे गेल्या. चिंतामणरावांना त्या दुकानात पाठवू नकोस, असं त्यांनी रंजनाला कळवळून सांगितलं, झालं ते सगळं सांगितलं. रंजनाने ऐकून घेतलं, चहा केला. मग म्हणाली, ताई, वर्षभर आम्ही पुढे होतो तेव्हा तू काही बोलली नाहीस. आता तुम्ही पुढे गेलात तर आम्ही सायकलही सुधारू नये का? सगुणाबाई चहा न घेता परत आल्या.

चार दिवसांनी चिंतामणराव दुकानात उभे होते. शेठच्या नाकाला पट्टी होती. मुकुंदरावही होते. हवा भरायला आले होते, विजेत्याला हवा फुकट होती. शाल अंगावरच होती.

चिंतामणरावांनी त्यांना बाजूला घेतलं. आज ते थट्टेच्या सुरात बोलत नव्हते. म्हणाले, "मुकुंदराव, सगुणाताई काही वेगळंच सांगत होत्या. आपण साडू, तुम्ही खोटं सांगणार नाही. चार मिनिटं कशाने मिळाली?"

मुकुंदरावांनी त्यांच्याकडे पाहिलं. चिंतामणरावांचे काटे नुकतेच विंचरलेले होते, पाठीवर नीट बसले होते. बोलताना शेपूट हलके वाजत होती. मुकुंदरावांना एकदम त्यांची फार दया आली. कसाही असला तरी साडू होता. सांगून टाकावं, असं त्यांच्या अगदी ओठावर आलं.

पण खरं सांगायचं म्हणजे सगळंच सांगायचं. पाठ कशी दाखवली, शेपूट कशी वाजली नाही, कोण मागे होतं म्हणून पळालो. मग ती चार मिनिटं कुणाची? बिबट्याची. आणि पुढच्या आठवड्यात बारसं होतं.

मुकुंदरावांनी शाल घट्ट लपेटून घेतली.

"चाकांनी," ते म्हणाले.

"या साहेब, बसा," शेठ आतून म्हणाले. "आधी तुमचा वारा बघू."

तात्पर्य : वेग वाढवायला महागड्या चाकांची गरज नसते, मागे एक बिबट्या असला तरी भागतं. मात्र हे साडूला सांगू नये.